अपघातविरहित दिवस : सतरा

केंदूरच्या शाळेच्या मैदानासमोर माझं मेडिकलचं दुकान आहे. गावात कोण कशाने कण्हतंय हे मला घरच्यांच्या आधी कळतं. वैष्णवी मॅडमनी पोरींना रग्बी शिकवायला घेतलं, तेव्हा मी क्रेप बँडेजचा एक बॉक्स जादा मागवला. अंदाज चुकला. दोन महिन्यांनी निम्मा बॉक्स तसाच होता. मॅडम पोरींना गुडघ्यावर बसवून टॅकलचा, म्हणजे बॉल घेऊन पळणारीला धरून पाडायचा, एकच धडा घोटायच्या : डोकं बाजूला, गाल तिच्या मांडीमागं, दोन्ही हातांची मिठी. पोरी कंटाळायच्या, पण पडायला शिकल्या होत्या.

घोळ सुरू झाला तो सतीशरावांमुळे. सतीशराव सणसवाडीच्या एका कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर. गाडीवरून उतरून पिठाच्या गिरणीत शिरले तरी डोक्यावर हेल्मेट असतं. त्यांची मुलगी अपेक्षा संघातली सगळ्यात चपळ. दीड महिन्यावर दौंडला जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि संमतीपत्रावर पालकांची सही लागत होती. बाकी सगळ्यांच्या सह्या आल्या. ज्याला सहीचं महत्त्व कळतं, तो नेमका अडून बसला.

माझ्याच काउंटरवर त्यांनी मॅडमपुढे मोबाइल धरला. "हे बघा, अमेरिकेतला फुटबॉल. असाच बॉल छातीशी धरून पळत्यात. पण डोक्यावर हेल्मेट, तोंडावर जाळी, खांद्यावर ही एवढी ढाल. आन् आमच्या पोरींच्या अंगावर काय, तर मोजे."

"तो खेळ वेगळा आहे, दादा. अंगावर कवच आहे म्हणून तिथे माणूस गाडीसारखा येऊन धडकतो. आपल्यात धडकायचं नसतं, धरायचं असतं. शिवाय हेल्मेटने कवटी वाचते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच."

"कारखान्यात समदे असंच म्हणत्यात. 'साहेब, मला हेल्मेट कशाला, मी जपून काम करतो.'"

"आणि मॅचमध्ये टणक हेल्मेट चालत नाही."

"सरावात तर चालतंय?"

मॅडमकडे उत्तर होतं, पण सही सतीशरावांकडे होती. शेवटी ठरलं ते असं : सराव कवच घालून, आणि सलग वीस दिवस अपघात झाला नाही तर सही.

शाळेच्या क्रिकेटच्या खोलीतून हेल्मेटं निघाली. कारखान्यातला टाकाऊ फोम आणि पिंपांची झाकणं जोडून सतीशरावांनी खांद्यांच्या ढाली शिवून आणल्या. मैदानाच्या कडेला कारखान्यात असतो तसाच फळा ठोकला : 'अपघातविरहित दिवस'. रोज शिफ्ट सुटली की येऊन स्वतः आकडा बदलायचे.

पहिले दोन दिवस पोरी त्या अवजडपणात नीट चालेनात. चौथ्या दिवशी त्यांना शोध लागला की डोकं आपटलं तरी लागत नाही. मग सायली, जी आजवर डोळे मिटून टॅकल करायची, ती टकरीच्या एडक्यासारखी मान खाली घालून यायला लागली. तिचं बघून बाकीच्या. मॅडम ओरडून थकल्या. हेल्मेटच्या आत ऐकू कमीच जातं.

फळ्यावर पाच झाले, नऊ झाले, चौदा झाले. सतीशराव फळ्याचे फोटो काढत. इकडे माझा बँडेजचा बॉक्स संपला, दुसरा फोडला. पोरी एकेकट्या यायच्या. "मामा, मलम द्या, आईचा खांदा दुखतोय." आठवडाभरात एकाच संघातल्या पाच आयांचे खांदे दुखले. फळ्यावर आकडा चढतोय आणि फडताळातला माल उतरतोय, यातलं एक काहीतरी खोटं होतं. मला कळत होतं, आणि मी गंमत बघत बसलो, हे मान्य करतो.

सतराव्या दिवशी अपेक्षा आली. डोकेदुखीची गोळी, आईसाठी. घेऊन गेली. पाच मिनिटांत परत आली. "मामा, डोकेदुखीची गोळी द्या."

"आत्ताच नेली की गं."

तिने स्वतःच्या मुठीकडे बघितलं. मूठ उघडली. आत गोळी होती.

मग माझी गंमत संपली. तिला आत बाकावर बसवलं, मॅडमना हाक मारली. तेवढ्यात सतीशराव आले, हातात खडू. मी त्यांना गोळीचा प्रकार सांगितला.

"कवा लागलं?"

"परवा. सायलीचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर."

"आन् सांगितलं न्हाईस?"

"फळा शून्यावर आला असता, पप्पा. मग सही कुठली?"

सतीशरावांनी खडू काउंटरवर ठेवला. मग मॅडमकडे न बघताच म्हणाले, "आमच्या कारखान्यातल्या फळ्यावर आज दोनशे बारा हायेत. मधी आमच्या एका कामगाराचं, पोपटचं, बोट मशीनमधी चेमटलं, तवा त्यानं चार दिवस रजा टाकली. लग्न हाय म्हणाला. मला ठावं होतं."

शिक्रापूरच्या डॉक्टरांनी तपासलं, स्कॅन करून घेतलं. मेंदूला हादरा बसलाय, बाकी काही नाही. आधी विश्रांती, आणि तीन आठवडे अंगाला अंग लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी सतीशरावांनी फळा उतरवला. त्या जागी दोऱ्याने बांधलेली वही लटकवली. जिला लागेल तिने नाव लिहायचं. लिहिणारीला कुणी बोलणार नाही, न लिहिणारी घरी. पहिल्याच दिवशी पाच आयांचे खांदे पोरींच्या नावावर जमा झाले. हेल्मेटं क्रिकेटच्या खोलीत गेली. फोम पोत्याभोवती गुंडाळला. त्या पोत्याला मिठी मारत पोरी पुन्हा पहिला धडा घोटायला लागल्या. दातांवर बसवायचं रबरी कवच तेवढं रग्बीत चालतं, ते मॅडमनी सगळ्यांना घ्यायला लावलं. माझ्याच दुकानातून.

बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी अपेक्षाला खेळायला मोकळं केलं. सतीशरावांनी संमतीपत्र माझ्या काउंटरवर दोनदा वाचलं आणि सही केली. "दातांचं कवच इसरायचं न्हाई," एवढंच म्हणाले.

दौंडला मीही गेलो, दुकान बंद ठेवून. उत्तरार्धात समोरून एक दांडगी पोर सुसाट आली. अपेक्षाने डोकं बाजूला घेतलं, गाल टेकवला, मिठी घातली, दोघी आडव्या. सतीशराव उठले आणि परत बसले. त्यांच्या मांडीवर वही होती.

शिट्टी वाजल्यावर अपेक्षा थेट त्यांच्याकडे आली. "पप्पा, लिहा. डावा गुडघा खरचटला. डोकं आपटलं न्हाई."

"कितव्या मिनिटाला?"

"आता मी खेळू का मिनिटं मोजू?"

त्यांनी अंदाजाने मिनिट लिहिलं. निवडीची यादी लागायला अजून तासभर होता. तेवढ्यात सायली आली. तिच्या मागोमाग दौंडच्या संघातली एक अनोळखी पोर, सुजलेला अंगठा दुसऱ्या हातात धरून.

"काका," ती म्हणाली, "नाव लिहायची वही हीच का?"