हुंकारा बंद

आमच्या कारखान्यात हुंकारा बंद केला तो ठकूबाईनं. शेठ पुढं सगळ्यांना सांगत सुटले की कारखाना आपल्या शिस्तीमुळं सुधारला. म्हणोत बापडे. मी तिथं होते, आणि माझं नाव अंबाबाई आहे. खोटं ऐकून गप्प बसायची मला सवय नाही.

आमच्या खालापूरकडं कुणी काही सांगू लागलं की ऐकणाऱ्यानं मधूनमधून 'हं, हं' म्हणायचं असतं. आजी गोष्ट सांगत असो की शेजारीण भांडण सांगत असो, हुंकारा हवाच. दिला नाही तर सांगणारा चिडतो. 'भिंतीशी बोलतोय का मी?' म्हणतो. त्यामुळं आम्हाला बोलायच्या आधी हुंकारा येतो. त्यासाठी ऐकावं लागतंच असं नाही. मी तर पाट्यावर मिरची वाटत, मनात भलताच विचार करत, नवऱ्याला दोन भाकऱ्या होईपर्यंत हुंकारा देऊ शकते. अजून देते.

कुंभिवलीला हायवेच्या कडेला शेठचा सरबताचा कारखाना होता. ही एकाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. रिकाम्या बाटल्या यायच्या. आम्ही बायका त्या सोड्याच्या गरम पाण्यात धुवायचो, सरबत भरायचो आणि भाताच्या पेंढ्यात गुंडाळून लाकडी खोक्यांत लावायचो. मुकादम होता आबाजी. सकाळी पालथ्या खोक्यावर उभा राहून तो दिवसाचं काम ओरडून सांगायचा. आम्ही एका सुरात 'हं, हं' केलं की खूश व्हायचा. मग जी ती आपल्या मनासारखं करायची.

त्या हिवाळ्यात आबाजीनं सांगितलं की पुण्याच्या खोक्यांना खाली जादा पेंढा घाला, घाटात माल हलतो. आम्ही भरघोस हुंकारा दिला. ट्रक पुण्याला पोचला तेव्हा खोक्यांतून सरबत ठिबकत होतं आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या म्हणे. ठकूबाईनं लावलेली खोकी तेवढी धड निघाली. शेठनं आबाजीला गेटावर बसवलं आणि ठकूबाईला मुकादम केलं. "पाडव्यापर्यंत बघू," म्हणाले. "जमलं नाही तर आबाजी आहेच." काम मुकादमाचं आणि पगार मात्र बाटल्या धुण्याचाच. वाढीचंही म्हणे पाडव्यानंतर बघू.

ठकूबाई बौद्धवाडीतली. आमच्याकडं बाई मुकादम झालेलीच कुणी पाहिली नव्हती, त्यात ही. इंदूबाई हातातला ब्रश टाकून म्हणाली, "आता हिचं ऐकायचं आपण?" त्या 'हिचं'मध्ये काय काय होतं ते सगळ्यांना कळलं. ठकूबाईलाही कळलं, पण ती बाटली घासत राहिली. माझंच डोकं फिरलं.

"का गं इंदू," मी म्हटलं, "तुज्या खोक्यातलं सरबत पिताना मुंग्यांनी जात इचारली व्हती का?"

बायका हसल्या. इंदूबाई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मला तेवढीच विश्रांती.

पहिल्या सकाळी ठकूबाई खोक्यावर चढली नाही. आमच्यात येऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजपासनं हुंकारा बंद. मी सांगते, तुमी निसतं ऐका. मग काय ऐकलं त्ये मला सांगा."

आता हे ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. ती बोलू लागली आणि माझ्या घशात 'हं' असा अडकला की ठसका लागला. दोघींनी तोंडाला पदर लावला. तिनं सांगितलं ते एवढंच: लाल सरबत आधी भरायचं, हिरवं मागून, आणि पुण्याच्या खोक्यांना खालून पेंढ्याचे दोन थर. मग तिनं मला विचारलं.

"लवकर आटपा म्हणालीस," मी म्हटलं.

'लवकर' हा शब्द तिनं काढलाच नव्हता. सगळ्या फिदीफिदी हसल्या. इंदूबाई फणकाऱ्यानं म्हणाली, "काल आबाजीनं हिरवं आधी सांगितलं, तू लाल आधी सांगतेस. दोघांतलं एक चूक हाय." तिनं बाकी काही ऐकलंच नव्हतं. मग सोमीची पाळी आली. सोमी डोंगरावरच्या ठाकूरवाडीतली, दिवसभरात चार शब्द बोलली तर खूप. ती खाली बघत म्हणाली, "तू घाबरलीस ठकूबाय."

हसू एकदम थांबलं. मला वाटलं, आता ही बाई सोमीवर भडकणार. मी भडकले असते. ठकूबाई मात्र म्हणाली, "व्हय गं, घाबरले हाय. पण पेंढ्याचे थर किती, त्ये पण सांग." आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

दुपारी भाकरी खाताना मी तिला म्हटलं, "असल्या बायकांकडनं तू काय काम करून घेणार? माज्यासकट."

ती म्हणाली, "बहिरी कुणीच नाय गं अंबे. तू काम कदी संपंल तेवढंच ऐकतेस. इंदूबाय चूक कुठं हाय त्ये ऐकते. सोमी शब्द ऐकतच नाय, ती माणूस ऐकते. आबाजी सगळ्यांना एकाच सुरात ओरडायचा. एकाच मापाची चोळी सगळ्यांना कशी व्हईल?"

"आणि ह्ये तुला हुंकाऱ्यावरनं कळलं?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "आमच्या वाडीला पाण्याची हीर पायजे म्हणून माजा बाप चावडीच्या पायरीखाली उभा ऱ्हाऊन सांगायचा," ती म्हणाली. "वरनं उत्तर यायचं, हं, हं, बघू. बाप खूश होऊन घरी यायचा, म्हणायचा आज ऐकलं त्यांनी. बघू बघू म्हणताना बाप गेला. हीर नाय झाली. मी हुंकाऱ्याला फसत नाय अंबे."

मी माझ्यातला आंब्याच्या लोणच्याचा खार तिच्या भाकरीवर वाढला. तिनं खाल्ला.

त्यानंतर तिनं प्रत्येकीची वेगळीच तऱ्हा धरली. मला आधी सांगायची, "अंबे, चारला सुटायचंय," आणि मग काम सांगायची. चार हा आकडा कानात शिरला की मागचं सगळं आपसूक आत जायचं. इंदूबाईला ती सकाळी लवकर बाजूला घ्यायची. "आज असं करायचं म्हणते. कुठं चुकतंय बघ." इंदूबाई शोधून शोधून खोड काढायची, आणि निम्म्या वेळा ती खरी निघायची. एकदा तिनं काढलेल्या खोडीमुळं अख्ख्या दिवसाची भरणी वाचली. तेव्हापासून इंदूबाई अशी चालू लागली, जणू कारखाना तिच्या सासऱ्याचा आहे. सोमीशी बोलताना ठकूबाई तिच्या शेजारी बाटल्या घासत बसायची आणि आवाज चढवायची नाही. फुटकी बाटली आता दिसायचीच नाही. गेटावर बसून आबाजीच्या मिशा उतरल्या.

मग नळाचं निघालं. सोमीच्या टाकीवरच्या गरम पाण्याच्या नळाची चावी घट्ट बसत नव्हती. बंद केली तरी मधेच पाणी उसळून बाहेर यायचं. ठकूबाईनं शेठना सांगितलं. शेठ मनगटावरचं घड्याळ बघत पुढं चालत होते. "हं, हं, बघू," म्हणाले. तिनं पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. मग एक दिवस पाणी उसळलं आणि सोमीचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. ती ओरडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी हाताला फडकं गुंडाळून कामावर आली. खाडा परवडणारा नव्हता.

पाडवा तोंडावर आला होता. सोमी फडकं गुंडाळून आली त्याच दिवशी उन्हाळ्याचा सगळ्यात मोठा माल पुण्याला जायचा होता, ट्रक दारात उभा होता. ठकूबाई म्हणाली, "आज शेठना सांगते. नळ झाल्याशिवाय काम नाय."

आम्ही तिला घेरलंच. "अगं पाडवा जाऊ दे," मी म्हटलं. "पद पक्कं झालं की सांग. आता बोललीस तर गेटावरचा परत येतोय बघ."

इंदूबाईनंही खोड काढली. "आज चूक तुजी हाय ठकूबाय. येळ चुकीची हाय."

"त्या नळाला पाडवा कळतो का?" ठकूबाई म्हणाली. "उद्या सोमीच्या तोंडावर पाणी आलं तर ह्या पदाचं मी काय करू?"

शेठ आले, नेहमीसारखे चालत, घड्याळ बघत. ठकूबाई आडवी उभी राहिली. इतके दिवस ती शेठना नळ, चावी, पाणी असं पहिल्यापासून सांगायची. आज तिनं शेवट आधी काढला.

"शेठ, गाडी आज जायची नाय."

शेठ जागच्या जागी थांबले. मी मनात म्हटलं, अगं बाई, हा तर माझ्याच जातीचा! यालाही कधी संपेल तेवढंच ऐकू येतं.

"का जायची नाही?"

"सोमीच्या टाकीचा नळ बिघडलाय. तिचा हात भाजलाय. नवी चावी बसल्याबिगर आमी बाटलीला हात लावणार नाय."

शेठची नजर ट्रककडं गेली. "हं, हं, बघू. आधी गाडी तर—"

"हुंकारा नको शेठ," ठकूबाई म्हणाली. आवाज शांत होता, पण पदराचं टोक तिनं मुठीत आवळलं होतं. "मी काय सांगितलं, त्ये तुमी सांगा."

गेटावर आबाजी चक्क उठून उभा राहिला. शेठचा चेहरा लालबुंद झाला. एरवी अशा वेळी आमच्यातली कुणी खोकली असती, कुणी 'जाऊ द्या शेठ' म्हणाली असती. त्या दिवशी आम्ही सगळ्या गप्प बसलो. हातातले ब्रश खाली ठेवले आणि शेठच्या तोंडाकडं बघत राहिलो. इतक्या बायका नुसत्या ऐकत बसल्या की काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. शेठनं घड्याळाचा हात खाली घेतला.

"नळ..." ते म्हणाले. मग सोमीकडं वळले. ते फडकं त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं असावं. "तिच्या टाकीचा नळ बिघडलाय. तिचा हात भाजला. नवी चावी बसल्याशिवाय काम होणार नाही."

"कदी बसंल?"

"आज. माणूस आत्ता पाठवतो खोपोलीला."

चावी त्याच दुपारी बसली. सोमीला भरपगारी रजा मिळाली. गाडी एक दिवस उशिरा गेली आणि पुण्यात एकही बाटली फुटली नाही. तरीही आमच्या जिवाला घोर होता. शेठ ते विसरले असतील असं कुणालाच वाटत नव्हतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ते आले. चालत चालत बोलले नाहीत, पालथ्या खोक्यावर बसले. "ठकूबाई," म्हणाले, "आबाजी गेटावरच राहील. मुकादम तूच. कायमची." मग जरा हसले. "आता मी काय सांगितलं ते तू सांग बघू."

ठकूबाई सरळ उभी राहिली. मी आजवर लग्नात नवऱ्या पाहिल्या, गावात सरपंच पाहिले, पण असं उभं राहिलेलं माणूस पाहिलं नाही. माझे डोळे भरून आले, सांगायला मला लाज नाही.

"आजपासनं मुकादम मी," ती म्हणाली. "कायमची. आणि पगार आबाजीला व्हता तेवढाच."

पगाराचं शेठ अवाक्षर बोलले नव्हते. ते तिच्याकडं बघतच राहिले. मग मान डोलावून हळूच म्हणाले, "हं."

ठकूबाईनं तोंड उघडायच्या आत मागून इंदूबाई कडाडली, "हुंकारा हितं चालत नाय शेठ! आमच्या मुकादमबाय काय म्हणाल्या त्ये सांगा!"

आणि शेठनं खोक्यावरून उठून, सगळ्या बायकांदेखत, पगारासकट सगळं पुन्हा बोलून दाखवलं.