एकवीस प्रश्न, एकवीस शून्ये

सकाळी आठला दहा मिनिटे कमी असताना समुपदेशक बाईंनी सल्लाकक्षाचे कुलूप उघडले. आधी खिडकी. तिची खालची कडी गंजलेली, म्हणून एक धक्का तळहाताने आणि दुसरा खांद्याने द्यावा लागे. मग खुर्च्या. दोन्ही समोरासमोर न ठेवता किंचित तिरक्या ठेवायच्या, म्हणजे बोलणाऱ्याला हवे तेव्हा भिंतीकडे बघता येते. कागदी रुमालांचा डबा त्याच्या हाताशी. घड्याळ त्याच्या पाठीमागे, बाईंना दिसेल असे.

सोमवार असल्याने शेवटचे काम सह्यांचे. आठवड्यात ज्यांची चाचणी असेल त्यांच्या सूचनापत्रांवर, ‘वाचून दाखवल्या, रुग्णास समजल्या’ या ओळीखाली, बाई एकगठ्ठा सह्या करून ठेवत. सूचना दोन पानांच्या आणि कायद्याच्या भाषेत होत्या. त्या वाचायला अकरा मिनिटे जात, आणि बैठक सगळी पंचेचाळीस मिनिटांची. ती अकरा मिनिटे बाई समोरच्या माणसाला देत. दोन वर्षे हे असेच चालले होते.

सरकारी आरोग्य विम्यात मनाच्या उपचारांसाठी बारा बैठका मिळत. पहिल्या आणि पुन्हा बाराव्या बैठकीच्या दिवशी एकवीस प्रश्नांची चाचणी होई. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, आणि गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. बेरीज पहिल्या वेळेपेक्षा उतरली, पण अठराच्या वर राहिली, तर आणखी बारा बैठका मंजूर होत. उतरलीच नाही, तर उपचार लागू पडत नाही म्हणून बंद. अठराच्या खाली गेली, तर माणूस बरा झाला म्हणून बंद, आणि पुन्हा अर्ज एक वर्षानंतर. थोडक्यात, विम्याला बेताबेताने बरा होणारा माणूस लागे.

दहाची वेळ शिंपीकाकांची होती. त्यांची ही बारावी बैठक.

पहिल्या सात बैठकांत काकांनी स्वतःबद्दल ब्र काढला नव्हता. या पडद्याची शिवण उसवली आहे, या गादीला खोळ तोकडी पडली आहे, एवढेच बोलत. आठव्या बैठकीत ते अचानक म्हणाले, “ती म्हणाली छातीत दुखतंय. मी म्हटलं, एवढी बाही लावून होऊ दे.” बाही लावून होईपर्यंत बायको गेली होती. त्याला दोन वर्षे झाली, आणि तेव्हापासून काका यंत्रावर बसले नव्हते. गेल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, “सकाळी जाग आली की वाईट वाटतं, मॅडम. आजही आलीच, म्हणून.” पहिल्या चाचणीत त्यांचे गुण एक्केचाळीस होते. आता तीसेक येतील आणि मुदत वाढेल, असा बाईंचा हिशेब होता. बोलायला लागलेल्या माणसाला त्या बारा बैठका मिळायलाच हव्या होत्या.

चाचणी नोंदणीच्या खिडकीशेजारच्या छोट्या खोलीत, संगणकाच्या पडद्यावर बोट लावून द्यायची असे. ती देऊन काका आत आले तेव्हा त्यांचा चेहरा कधी नव्हे तो खुलला होता.

“दिला बरं पेपर,” ते बसता बसता म्हणाले. “पैकीच्या पैकी.”

“पेपर कसला, काका?”

“आता माझ्यापासून काय लपवता! खिडकीवाले भाऊ म्हणाले, काका, नीट भरा, यावर मॅडमचं काम ठरतं. मी म्हटलं, ज्यांनी माझ्यासाठी एवढं केलं त्यांना मी नापास करू होय?”

“काय भरलंत तुम्ही?”

“सगळीकडे ‘कधीच नाही’. झोप लागत नाही? कधीच नाही. रडू येतं? कधीच नाही. एका ठिकाणी बोट घसरून ‘क्वचित’वर पडलं, तर भाऊंना सांगून ते पण बदलून घेतलं. डाग कशाला ठेवायचा!”

ही परीक्षा नाही, हिचा तज्ज्ञाच्या मूल्यमापनाशी संबंध नाही, हे सूचनापत्रात तिसऱ्याच ओळीत लिहिले होते. ती ओळ काकांना कुणी वाचून दाखवली नव्हती.

त्यांनी बैठक पूर्ण केली. काका त्या दिवशी बाहीबद्दल बोलले, कापडाच्या रंगाबद्दल बोलले. नेमक्या बाराव्या बैठकीत ते इतके बोलले. मग त्यांना बाहेर, सोबत आलेल्या त्यांच्या मुलीजवळ बसायला सांगून बाईंनी नोंदणीची खिडकी गाठली.

“भाऊ, काकांना काय सांगितलंत तुम्ही?”

“मी? आपलं गमतीनं हो!” खिडकीवाले भाऊ हसले. “हुरूप यावा म्हणून. नाहीतर तासभर बसतात एकेका प्रश्नावर. का, काय झालं?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. भाऊंवर चिडण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांना पटले होते.

मग त्यांनी विम्याच्या पडताळणी कार्यालयाला फोन लावला.

“चाचणी रद्द करायची असेल तर दोनच कारणं चालतात,” पलीकडचा अधिकारी म्हणाला. आवाज सभ्य होता, थकलेलाही. “एक, रुग्णानं खोटी माहिती दिली. मग त्याची तीन वर्षं पात्रता जाते.”

“आणि दुसरं?”

“तज्ज्ञाची चूक. सूचना वाचून न दाखवणं वगैरे. पण तुमची तर सही दिसतेय इथे, मॅडम.”

“समजा, सही आहे पण वाचलं नाही, तर?”

“मग तुमच्या सगळ्याच चाचण्या तपासाव्या लागतील. दोन वर्षांच्या. तपासणी होईपर्यंत त्या चाचण्यांवर मिळालेली वाढीव मुदत थांबते.” मग त्याने आवाज खाली आणला. “ताई, समजा वगैरे फोनवर म्हणत जाऊ नका. इथलं बोलणं नोंदलं जातं.”

बाईंनी फोन ठेवून वही काढली. वाढीव मुदतीवर त्यांच्याकडे सध्या एकोणीस जण येत होते. त्यांत बाळ दगावलेली एक परिचारिका होती. हात थरथरतो म्हणून गाडी सोडलेला एक चालक होता. दर बुधवारी येऊन फक्त रडणारी आणि तेवढ्यावर आठवडा काढणारी एक शिक्षिका होती. तपासणी किती महिने चालेल हे कुणीच सांगू शकत नव्हते. खरे बोलले तर नियमाप्रमाणे काकांची चाचणी पुन्हा होईल, पण ती आणि पुढच्या बैठका दुसऱ्या केंद्रात, दुसऱ्या माणसापुढे. आणि काकांना तोंड उघडायला सात बैठका लागतात. बाईंनी एकोणीस नावांवरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले. मग वही मिटली.

राहिला प्रश्न काकांना काय सांगायचे याचा. तुमच्या चांगुलपणामुळे घात झाला, हे त्या माणसाला सांगायचे, जो एका बाहीचे ओझे दोन वर्षे वाहतो आहे?

त्या बाहेर गेल्या.

“काका, बैठका संपल्या. तुमचे गुण फार चांगले आले.”

“बघा!” काका मुलीकडे वळून म्हणाले. “मॅडम पास झाल्या.” मग जरा घुटमळले. “पण मग पुढच्या सोमवारी मी कुठे जाऊ?”

“घरी, बाबा,” मुलगी म्हणाली. तिला सुटल्यासारखे वाटत असावे. कामावरून दर सोमवारी अर्धी रजा काढायची म्हणजे काय, ते तिचे तिलाच ठाऊक.

काका चपला घालत असताना बाईंनी तिला बाजूला घेतले. “ते अजून बरे नाहीत. सकाळी जागे होतात तेव्हा कुणीतरी जवळ असू द्या. रोज. वाईट काही बोलले, तर थेट मोठ्या रुग्णालयात घेऊन या, विम्याचा विचार करू नका.”

“पण गुण चांगले आले म्हणालात ना आत्ता? आणि सकाळी सहाला मी कामावर असते, मॅडम.”

बाईंनी रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक लिहून दिला. तो पर्समध्ये ठेवताना मुलीने वाचला नाही.

दोघे फाटकाकडे निघाले. काका पुढे, मुलगी मागे.

बाई खोलीत आल्या. संगणकावर काकांची नोंद उघडीच होती. ‘उपचाराचा निष्कर्ष’ या रकान्यात त्यांनी ‘बरे’ असे टाकले, आपला संकेतांक घातला आणि नोंद बंद केली. अकराची वेळ परिचारिकेची होती. बाईंनी दार उघडून तिला आत बोलावले.