हौशाला सुई दिली नाही

शहादेव कंपाउंडरनं तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात सुया टोचल्या. नारायणगडाच्या आसपासची ढोरं त्याला लांबून ओळखायची आणि वाट बदलायची. पण घरच्या हौशा बैलाचे गुडघे धरले, तेव्हा हाच गडी वर्षभर विटा तापवून शेकत बसला. सुई नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी शिबिरात एका साहेबांनी सांगितलं होतं, की दुखणं मारायची ती जुनी सुई टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडंही मरतात. साहेब मग लाळ-खुरकतीकडे वळले. शहादेव अजून तिथंच आहे.

पूर्वी मेलेला बैल माळावर टाकला, की आभाळातून पंगत उतरायची. दुपारपर्यंत नुसती हाडं. आता पंगतीला कुत्री असतात, आणि जेवण झालं की ती गावात मुक्कामाला येतात. गेल्या महिन्यात भिवराबाईची पोटरी फोडली. "आधी ढोरं सुया घ्यायची," शहादेव तिला म्हणाला, "आता तुमी घ्या."

माघात हौशा निजल्या जागी गेला. सरपंच सोमेश्वर जेसीबी घेऊन हजर झाला. मशीनवर त्याचाच हात जोडलेला फोटो होता.

"काका, खड्डा घेतो. अर्ध्या तासाचं काम हाय."

"न्हाई. माळावर ठिवायचा."

"कावून? खायला कोण येणार हाय?"

"ज्यांच्यासाठी जपला ते."

"पत्रिका धाडली का त्यांना?"

"धाडली असती बे. पण पत्ता तुझ्या बापानं बुंध्यापासून तोडला."

गिधाडांच्या घरट्यांचा माळावरचा शेवटचा उंच लिंब सोमेश्वरच्या वडलांनी पाडला होता. सोमेश्वरनं टोपी सारखी केली. "तीन दिस देतो. मग वास गावात येईल."

तीन दिवस शहादेव काठी घेऊन कुत्री हाकत बसला. घर माळाच्या कडेलाच, त्यामुळं बायको चंद्रभागाबाई नाकाला पदर लावून भाकरी आणायची आणि बडबडायची. तिचा गिधाडांवर जुना राग. नवी नवरी असताना एक गिधाड त्यांच्या माळवदावर बसलं होतं. अपशकुन म्हणून सासऱ्यांनी शांत केली आणि अख्खं घर पंधरा दिवस गोठ्यात झोपवलं. त्या गोचिडांची आठवण निघाली, की ती अजून दंड खाजवते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळात एक ठिपका फिरला. शहादेव उठला. काठी हातातून पडली, तिचंही भान नाही. "या," तो हळूच म्हणाला, "याला काईच दिलेलं न्हाई. विटानं शेकलाय नुसता."

ठिपका खाली आला. घार होती.

मग जेसीबीचा आवाज आला. या खेपेला सोमेश्वरनं फोटोतल्यासारखे हात खरेच जोडले.

शहादेव घरी आला, तर चंद्रभागाबाई माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या भरत होती.

"कावून गोळा करतीस? ऊन हाय की अजून."

"एखादं दमून-भागून आलंच, तर टेकाया जागा नको व्हय?" ती मान वर न करता म्हणाली.

शहादेवनं खालून शिडी धरली. मग म्हणाला, "आन् अपशकुनाचं काय?"

"गोठा झाडून ठिवलाय," चंद्रभागाबाई म्हणाली. "रिकामाच तर हाय."