पूजेत बसलेला टॅबलेट

दसऱ्याला पुस्तकं सरस्वतीपुढे मांडायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायची नाहीत, हा जबलपूरच्या रांझी भागातल्या दिवाकरआजोबांच्या घरचा नेम. नात ऋचा दरवर्षी नावडतं पुस्तक तेवढं पूजेला बसवून मोकळी व्हायची. यंदा सगळी पुस्तकं टॅबलेटमध्ये, म्हणून आजोबांनी टॅबलेटलाच हळदकुंकू वाहिलं.

"आजोबा, उद्या सकाळी केमिस्ट्रीची टेस्ट आहे! काहून ठेवला हा पूजेत?"

"मग? पूजेतलं पुस्तक उघडलं की अक्षरं उडून नर्मदेपार जातात. माझं बीजगणित गेलं ते अजून परतलं नाही."

"अच्छा, म्हणून नापास झालात काय?"

आजोबा समईची वात सारखी करू लागले. ऋचाला एकदम सुचलं. तिनं हात पुढे केला.

"मग तुमचा मोबाइल द्या. तीच पुस्तकं त्यातही उघडतात. रात्रीपर्यंत लागेल."

मोबाइलवर दसऱ्याचे शुभेच्छा-संदेश टिंगटिंग करत येत होते. आजोबांनी तो छातीशी धरला, देवीकडे पाहिलं आणि ते टॅबलेटवरचं कुंकू धोतरानं पुसू लागले.

"ऐकलंस? देवी म्हणून राहिली, चलो, इतनी पूजा काफी है."

"देवी हिंदी बोलते?"

"जबलपूरची आहे ना!"