धुतलेला गाळ

आमच्या बोंग्ने ताईला स्वच्छतेचं वेड. खाडीच्या गाळातून काढलेल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, पोटातली वाळू ओकू द्यायची, मगच कुणाच्या हातावर ठेवायच्या, ही तिसऱ्या काढणाऱ्या आम्हा सगळ्याच बायकांची रीत. ताई मात्र टोपली, फावडं, उंबऱ्याचा दगडसुद्धा धुते. नवरा होता तेव्हा त्यालाही दारातच धुवायची!

विद्यापीठातून प्यो नावाचा पोरगा आला. होड्यांच्या जुन्या रंगातलं विष गाळात साचलंय का, ते त्याला तपासायचं होतं. विष निघालं तर तिसऱ्या काढणं बंद. साहेब दोन पावलं गेले आणि असे रुतले की आम्ही बायकांनीच ओढून काढले, बूट तिथेच राहिले. मग गाळासाठी आणलेली बरणी ताईच्या हातात दिली, "आजी, तुम्हीच भरून आणा."

निकाल आला, गाळ स्वच्छ! ताई अशी फुगली की विचारू नका. लेकीचे, ह्येरानचे, दिवस भरत आले होते. आमच्याकडे बाळंतिणीला समुद्री शेवाळाचं सार देतात, त्यात घालायला ताई लगेच तिसऱ्या निवडायला बसली.

तेवढ्यात प्यो रिकामी बरणी घेऊन डोकं खाजवत परत आला. "आजी, बरणीत नुसती वाळू होती. गाळ गेला कुठे?"

"धुतला की तीन पाण्यांनी! विद्यापीठात काय घाण पाठवू?"

मला हसू आवरेना. प्यो हसला नाही. "आजी, विष त्या बारीक गाळालाच चिकटतं. वर्षानुवर्षं जात नाही. तिसऱ्यांच्याही अंगात उतरतं."

"मिठाच्या पाण्यात ओकतात की."

"वाळू ओकतात. विष नाही."

ताईचे हात थांबले. मी तिच्या कानाशी लागले, "ताई, पुन्हा गाळ आणून देऊ नकोस गं. निकाल चांगला आलाय, खाडी चालू राहील." मला माझ्या चुलीची काळजी होती, खोटं कशाला बोलू?

ताईने बरणी उचलली, ओहोटीत उतरली आणि काळाकुट्ट, घाण मारणारा गाळ घेऊन आली. "घे रे पोरा. जसा आहे तसा."

मग लेकीला फोन लावला. "ह्येरान, सार गोमांसाचं करू. तिसऱ्या नकोत."

"आई, असं कसं? तुझ्या तिसऱ्यांशिवाय सार कसलं?"

"नको म्हटलं ना! तुझ्या वेळी मी ह्याच खाडीतल्या खाल्ल्या होत्या गं, महिनाभर, आणि तुला अंगावर पाजत होते."

फोन कानालाच धरून ताईने निवडून ठेवलेल्या तिसऱ्या दूर सारल्या.