मी आपोआप बसले नाही

मित्रांनो, मी एक जुनी चारचाकी आहे आणि मी चिडलेली आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की हळूच गळा काढतात, असा तुमचा अनुभव असेल. मी गळा काढणार नाही. माझ्यावर एक खोटा आळ आला होता. तो कसा आला आणि कसा गेला, तेवढं सांगते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी काळी कुळकुळीत होते. इतर गाड्यांच्या चाकांवर लोखंडी स्प्रिंगा असतात. माझ्या चारही चाकांवर जाड रबराचे फुगे आहेत, हवेने भरलेले. हवा वाढली की मी उंच होते, हवा सोडली की खाली बसते. केव्हा उठायचं आणि केव्हा बसायचं, हे माझ्या पोटातला एक छोटा कॉम्प्युटर ठरवायचा. मला कुणी विचारत नसे, आणि चालवणाऱ्यालाही नाही. माझा पहिला मालक मागच्या सीटवर बसून पेपर वाचायचा. अकरा वर्षांत त्याच्या डोळ्यांपुढची ओळ मी कधी हलू दिली नाही. त्याबद्दल त्याने एकदाही माझ्या टपावरून हात फिरवला नाही. नवी गाडी आली त्या दिवशी तो माझ्याकडे मागे वळूनही न बघता आत गेला.

मग मी वहिनींकडे आले. त्यांना घरातले, शेजारचे, कामावरचे सगळे वहिनीच म्हणत, म्हणून मीही म्हणते. वहिनी लिफ्ट दुरुस्त करायच्या. बावीस वर्षं हेच काम. नखांतलं ग्रीस आता साबणालाही जुमानत नव्हतं. त्यांचे यजमान गणिताचे मास्तर. शाळेच्या जिन्यावरून पडले आणि कमरेखालचं अंग लुळं झालं. दोन वर्षं ते खिडकीशी बसून होते. शाळा म्हणत होती, "या, तुम्हाला तळमजल्यावरचा वर्ग देतो." पण जायचं कसं?

व्हीलचेअरवरून गाडीत यायला मास्तर एक गुळगुळीत फळी वापरायचे. फळीचं एक टोक खुर्चीवर, दुसरं माझ्या सीटवर, आणि हातांच्या जोरावर सरकत यायचं. पण माझी सीट खुर्चीपेक्षा चार बोटं उंच पडायची. तो चढ चढताना मास्तरांचे दंड थरथरायचे. बरं, मला कायमचं खाली बसवावं, तर गल्लीच्या तोंडाशी नाल्यावरचा सिमेंटचा उंचवटा होता. त्याच्यावर माझं पोट खरवडून निघायचं. दाराशी खाली आणि उंचवट्यावर वर, इतकंच हवं होतं.

वहिनी मला कंपनीच्या चकचकीत वर्कशॉपमध्ये घेऊन गेल्या. तिथल्या टाय लावलेल्या साहेबाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, उंची सिस्टिम ठरवते."

"सिस्टिमला फळीवरून सरकावं लागत नाही," वहिनी म्हणाल्या आणि मला घेऊन तडक बाहेर पडल्या. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, ही बाई आपली आहे.

ट्रकच्या एअर ब्रेकची कामं करणारे एक मिस्त्री होते. पत्र्याच्या शेडमध्ये एकटेच काम करायचे आणि कुणी नसलं की नटबोल्टांशी बोलायचे. त्यांनी तीन दिवसांत माझ्या कॉम्प्युटरला घरी बसवलं. डिकीत हवेची टाकी आली, प्रत्येक फुग्याला वेगळा व्हॉल्व्ह आला, पुढे हवेचा दाब दाखवणारे काटे आले आणि गिअरशेजारी दोन मोठी बटणं. एकावर वर जाणारा बाण, दुसऱ्यावर खाली येणारा. आता मी माणसाच्या बोटावर उठणार होते आणि बसणार होते.

वहिनींनी सगळं तपासून विचारलं, "याला कुलूप कुठं आहे?"

"कसलं कुलूप?"

"लिफ्टखाली माणूस उतरला की आम्ही चावी फिरवून बटणं बंद करतो. मग कुणी कितीही दाबो."

मिस्त्री हसले. "अहो, ही गाडी आहे, बारा मजली इमारत नाही. बसवू नंतर."

ते नंतर काही आलं नाही. मिस्त्रींचा हात फार चांगला. पण याचा मला राग आहेच.

दुसऱ्या दिवशी मी दारात उभी राहिले. वहिनींनी बटण दाबलं, फुस्स आवाज झाला आणि मी खुर्चीच्या बरोबरीला बसले. मास्तर फळीवरून असे सरकले, जसं कपाटातलं पुस्तक एका खणातून दुसऱ्यात जावं. मग ते नुसता दरवाजाच्या आतल्या कातड्यावर तळवा ठेवून बसले. शाळेच्या फाटकात मुलं गोळा झाली, मी पुन्हा खाली बसले, आणि दोन वर्षांनी मास्तरांच्या बोटांना खडू लागला. वर्षभर हे रोज चाललं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं वर्ष.

आता बारक्याबद्दल सांगते, आणि सांगताना माझं तेल तापतं. बारक्या म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ. नाव बारक्या, अंगाने दाराएवढा. रविवारी तो मला मागून न्यायचा. "वहिनी, जरा मित्राला आणतो." मित्राला कुठला आणतो! चौकात मला उभी करायचा आणि बटणं दाबत सुटायचा. वर, खाली, वर, खाली. पुढून वर, मागून खाली. लोक टाळ्या पिटायचे, मोबाइलवर व्हिडिओ काढायचे. "काय नाचते रे!" मित्रांनो, मी नाचत नव्हते. एका अपंग माणसाला शाळेत नेण्यासाठी दिलेला माझा गुडघा तो चारचौघांत मुरगाळत होता. लोक मात्र त्याचीच पाठ थोपटत होते. असल्या टाळ्या मला नकोत.

व्हायचं तेच झालं. पुढच्या डाव्या फुग्याला बारीक चीर गेली. दिवसाकाठी मी त्या कोपऱ्यात बोटभर खाली बसू लागले. वहिनींनी मिस्त्रींना घरी बोलावलं.

सकाळची वेळ होती. मी दारापुढच्या फरशीवर पूर्ण उंच उभी होते. मिस्त्री साबणाच्या पाण्याचं भांडं घेऊन आले. गळती असेल तिथे बुडबुडे येतात. ते तसेच माझ्याखाली सरकू लागले.

"गाडीला टेकू द्यायचे स्टँड कुठं आहेत?" वहिनींनी विचारलं.

"शेडवर राहिले. पाच मिनिटांचं काम आहे हो."

वहिनींनी ऐकलं नाही. अंगणातला एक जाडजूड ओंडका ओढत आणला आणि माझ्या पोटाखाली सारला. "तुम्ही हसा," त्या म्हणाल्या, "पण हा इथेच राहणार." मग त्या फडकं आणायला आत गेल्या.

तेवढ्यात बारक्या आला. कानाला मोबाइल, तोंडाने मित्राशी बढाया. घराच्या पलीकडच्या बाजूचं माझं दार उघडून तो सीटवर ऐसपैस बसला. मिस्त्रींचे पाय बाहेर दिसत होते, त्याने ते पाहिलेही होते. पण बोलता बोलता त्याचं बोट सवयीने बटणाकडे गेलं. माझ्याखाली माणूस आहे, हे तो विसरला. बस, इतकंच. विसरला! मी ओरडू शकत नाही. व्हॉल्व्ह उघडला, हवा सुटली आणि मी खाली आले.

माझं पोट ओंडक्यावर अडकलं, म्हणून मिस्त्रींची छाती वाचली. पण त्यांचा डावा हात चाकावरच्या फटीत होता.

ती किंकाळी ऐकून वहिनी धावत आल्या. बारक्या त्याच दाराने बाहेर उडी मारून भिंतीशी उभा होता. वहिनींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. आत वाकून वरचं बटण दाबलं. टाकीत होती नव्हती तेवढी हवा मी फुग्यांत घेतली आणि उठले. आयुष्यात इतक्या चपळाईने मी कधी उठले नसेन. मिस्त्रींचा हात सुटला.

लोक जमले तेव्हा बारक्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "गाडी बसली! आपोआप बसली!"

आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. माझ्या काळ्या काचांतून आतलं काही दिसत नव्हतं. मास्तर खिडकीशी होते, पण पलीकडचं दार त्यांच्या नजरेआड होतं, त्यांनाही मी खाली येताना तेवढी दिसले. मिस्त्री तर माझ्या खाली नटबोल्टांशी बोलण्यात गुंग होते, वर कोण बसलं ते त्यांना कळलंच नव्हतं. वहिनींच्या सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मशीनचा काय भरवसा! भंगारात द्या ती अवदसा." धाकट्याला पाठीशी घालायची त्यांची जुनी सवय. शेजारी येता-जाता माझ्या चाकावर लाथ मारू लागले. मिस्त्रींच्या हाताची तीन हाडं मोडली होती आणि त्याचा सगळा दोष माझ्या नावावर चढला.

माझ्यावर ताडपत्री पडली. दीड महिना मी भिंतीला लागून उभी होते. डावा कोपरा हळूहळू जमिनीला टेकला. मास्तरांचं शाळेत जाणं पुन्हा थांबलं. दहावीच्या मुलांची भूमिती अर्धी राहिली होती. ते पुन्हा खिडकीशी बसले आणि माझ्या ताडपत्रीकडे बघत राहिले. बारक्या मात्र रोज जेवायला यायचा, दोनदा वाढून घ्यायचा. ताडपत्रीखाली मला सगळं ऐकू येत होतं.

एका रविवारी वहिनींनी ताडपत्री ओढून काढली.

"काय करतेस?" मास्तरांनी विचारलं.

"अहो, बावीस वर्षांत आपोआप खाली आलेली लिफ्ट मी अजून पाहिलेली नाही. दर वेळी कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, नाहीतर करायचं सोडलेलं असतं. मला बघायचंय."

त्यांनी माझ्यात हवा भरली, मला पूर्ण उंच केलं आणि माझ्या पोटाखाली चार बोटं जागा सोडून ओंडक्यांवर ओंडके रचले. मग डाव्या चाकाशेजारी एक काठी उभी केली आणि तिच्यावर माझ्या पत्र्याच्या कडेच्या उंचीला खडूची खूण केली. चीर तशीच होती. सकाळचे आठ वाजले होते. मला कुणी हात लावायचा नाही, असं सांगून त्या पायरीवर बसून राहिल्या.

दुपार झाली. बारक्या जेवायला आला, खूण बघून थबकला. "हे काय?"

"बसा, भावजी. संध्याकाळी कळेल."

मित्रांनो, त्या दिवशी जेवढी घट्ट उभी राहता येईल तेवढी मी उभी राहिले. सहा वाजता वहिनींनी सगळ्यांना बाहेर बोलावलं. सासूबाईही आल्या. मास्तरांनी खुर्ची जवळ आणली आणि वाकून खूण पाहिली.

"दहा तासांत अर्धं बोट," ते म्हणाले. आवाज वर्गातला होता. "त्या दिवशी गाडी एक वीत खाली आली. विताची बोटं बारा. बारक्या, या गळतीने एक वीत खाली यायला किती तास लागतील?"

बारक्या काठीपासून एक पाऊल मागे सरकला.

"दोनशे चाळीस. म्हणजे दहा दिवस. त्या दिवशी किती लागले?"

वहिनींनी ओंडके काढले, सगळ्यांना मागे सारलं आणि खालचं बटण दाबलं. फुस्स. तीन सेकंदांत मी फरशीशी आले.

बारक्याचं एवढं मोठं अंग पायरीवर मटकन बसलं. "फोनवर होतो," तो म्हणाला. "दादा, लक्षात नव्हतं. खरंच लक्षात नव्हतं."

"ते कळलं मला," मास्तर म्हणाले. "पण नंतरचा दीड महिना? तेव्हा तर लक्षात होतं ना?" त्यांचे हात खुर्चीच्या चाकांवर आवळले होते. "माझ्याकडे बघू नकोस. ज्याचा हात मोडला त्याच्याकडे जा."

सासूबाई काहीतरी बोलायला गेल्या. वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या आत गेल्या.

बारक्या मिस्त्रींच्या घरी गेला. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी दारातच होते. पण पुढच्या आठवड्यात मला मिस्त्रींच्या शेडवर नेलं. मिस्त्रींचा डावा हात अजून पट्टीत होता, दोन बोटं सरळ होत नव्हती. ते वहिनींना म्हणाले, "कुलूप मी बसवलं नाही. स्टँडही मीच विसरलो. माझं चुकलंच." मग बारक्याकडे वळून म्हणाले, "मला एक हात कमी आहे. तुझ्याकडे दोन आहेत. शीर गाडीखाली."

मला लोखंडी स्टँडवर घेतलं. वहिनींनी प्रत्येक स्टँड हलवून पाहिला, एकदा नाही, दोनदा. बारक्या पाठीवर झोपून माझ्याखाली सरकला. मिस्त्री माझ्या सीटवर बसले, बटणांशेजारी, आणि तिथून सांगत राहिले, कुठला नट सोड, कुठला फुगा काढ.

थोड्या वेळाने खालून आवाज आला. बारीक, कोरडा.

"मिस्त्री, बटणाला हात नाही ना तुमचा?"

मिस्त्री समोरच्या काचेतून बघत राहिले. माझ्याखाली बारक्याचा श्वास जोरजोरात चालला होता. माझ्या लोखंडाला तो ऐकू येत होता.

"मिस्त्री?"

"नाही," ते म्हणाले. "काम कर."

नवा फुगा बसला, बटणांना कुलूप बसलं. सोमवारपासून मास्तर शाळेत जाऊ लागले आणि भूमिती परीक्षेच्या आठ दिवस आधी संपली. मिस्त्रींची दोन बोटं मात्र सरळ झाली नाहीत.

म्हणून माझा राग गेलेला नाही, मित्रांनो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली भक्कम आधार दिल्याशिवाय कधीही शिरू नका, काम पाच मिनिटांचं असलं तरी. आणि एखादं यंत्र आपोआप चुकलं असं कुणी सांगितलं, तर यंत्राला लाथ मारण्याआधी त्या सांगणाऱ्याला एवढंच विचारा, की त्या वेळी तुझा हात कुठं होता?