दोन मिनिटांचं प्रात्यक्षिक

"मूल पळता पळता कोसळलं. अनंत सर, तुम्ही पहिलं काय कराल?"

"कांदा," मी म्हटलं. "फोडून नाकाशी धरायचा, तोंडावर पाणी मारायचं. दोन मिनिटांत उठून बसतं."

हॉलमधले तीसही क्रीडाशिक्षक हसले. शेजारचा दिग्विजय हिंजवडीच्या एका शाळेत फुटबॉल शिकवतो. तो मोठ्याने म्हणाला, "काका, सोबत भाकरी पण द्यायची का?"

"भाकरी तू आण. पण हिंजवडीहून इथे पोचेपर्यंत शिळी होईल."

पुन्हा हशा झाला. मी धायरीच्या शाळेत सत्तावीस वर्षं खो-खो शिकवतो. माझ्या बॅगेत शिट्टी, क्रेप बँडेज आणि एक कांदा कायम असतो. या वर्षी संस्थेनं पत्र काढलं की, ज्या प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र नाही त्याचा संघ बाहेरच्या कंपनीकडे जाईल. म्हणून हे पाच दिवसांचं प्रशिक्षण. सरावाचा आराखडा, दर वीस मिनिटांनी पाणी, शिक्षा म्हणून फेऱ्या द्यायच्या नाहीत, असं सगळं मी वहीत उतरवलं होतं. बरंचसं मी आधीपासून करतच होतो. आज शेवटचा दिवस होता आणि नापास होईन असं मनातही नव्हतं.

प्रश्न विचारणाऱ्या आमच्या प्रशिक्षक वल्लरी मॅडम हसल्या नाहीत. वयानं माझ्या निम्म्या असतील. "सर, चक्कर आलेलं मूल आडवं झालं की बहुतेक वेळा आपोआप उठतं. श्रेय कांद्याला मिळतं. पण मूल श्वासच घेत नसेल तर?"

"तर किती वेळ असतो?"

"तीन-चार मिनिटं. तेवढ्यात छाती दाबायला लागलात तर आशा असते."

"आणि मोठ्या माणसाला?"

"मोठ्यांचंही तेच."

मी तेही लिहून घेतलं.

फेब्रुवारीत माझी बायको उल्का स्वयंपाकघरात पडली तेव्हा मी घरातच होतो. धावत गेलो, टोपलीतला कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. पाणी मारलं. मग दुसरा फोडला. अँब्युलन्स यायला एकोणीस मिनिटं लागली. तोवर मी तीन कांदे फोडले होते. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, अहो, तुमच्या हातात काहीच नव्हतं. आठ महिने मी त्यावर दिवस काढले.

प्रात्यक्षिकासाठी सतरंजीवर रबरी डमी ठेवला होता. मी गुडघ्यांवर बसलो, हात सरळ ठेवले, त्याची छाती दाबत मोजायला लागलो. आठला थांबलो. मग उठून उभाच राहिलो.

"सर, दोन मिनिटं पूर्ण करावी लागतात," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "जेवणानंतर एक संधी आहे. तीही गेली तर मला नापास लिहावं लागेल."

बाहेर नळापाशी दिग्विजय ताट घेऊन आला. "काका, गुडघे दुखतात का? वयाची सूट मागू या आपण."

"गुडघे तुझ्यापेक्षा बरे आहेत," मी म्हटलं. आणि मग त्याला उल्काचं सांगितलं. तीन कांद्यांचंही सांगितलं. त्याने ताट कठड्यावर ठेवलं. मग म्हणाला, "मी मोजू का? तुम्ही फक्त दाबा."

आत जाऊन मी मॅडमना विचारलं, "त्या दिवशी मला हे येत असतं, तर माझी बायको वाचली असती?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काय ते त्यांना कळलं असावं. "सांगता येत नाही, सर. पुष्कळदा नाही वाचत. पण संधी मिळते."

खोटं बोलणं त्यांना सोपं होतं. हरलेल्या संघाला मीही कधी पंचांचं चुकलं असं सांगितलं नाही. कुठे उशीर झाला तेच सांगितलं. मला त्यांचं उत्तर पटलं.

मी पुन्हा बसलो. दिग्विजय मोठ्याने मोजत होता. तिसाला मी थांबलो नाही, साठाला नाही. घाम डमीवर पडत होता. मॅडमनी घड्याळ बंद केलं आणि कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं. संघ माझ्याकडे राहिला.

सोमवारी सरावाआधी मी मुलींना डमीऐवजी दाबायला योगाच्या सतरंज्या गुंडाळून आणायला लावल्या. कप्तान तेजस्विनी म्हणाली, "सर, खो-खोत कोण मरतंय?"

"खो-खोत नाही. घरी."

"मग घरच्यांना पण शिकवा की!"

शनिवारी सकाळी सातला मैदानावर नऊ आया, दोन वडील आणि तेजस्विनीची आजी सोजरबाई आल्या. मुलींनी त्यांना खो-खोसारखं ओळीत बसवलं, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. मी सगळ्यांना माझ्याकडे वळायला सांगितलं.

सोजरबाईंनी पदर खोचला. "सर, तुमी कवा खरंच कुणाला केलंय व्हय हे?"

मुली हसायच्या थांबल्या.

"नाही," मी म्हटलं. "गरज होती तेव्हा मला येत नव्हतं. म्हणून नीट बघा."

आणि मी गुडघ्यांवर बसलो.